विंचू, बुवा आणि बीपीची गोळी

आज महाडजवळ मामाकडे भातकापणीला गेलेलो, दुपारी पेंढ्या उचलताना शेजारच्या काकींना विंचू चावला, लाल. मामा गाडी काढायला धावला आणि आजी म्हणते आधी वाडीतल्या बुवाकडे न्या, तो उतरवतो.

आजीला हसणं सोपंय, पण तिने बघितलेलं काही खोटं नाहीये. बऱ्याच वेळा नुसती आग होते नि काही तासांनी आपोआप थांबते, मग बुवाचा रिझल्ट भारीच दिसणार ना! जे गेले त्यांची म्हणे वेळच भरलेली, तो हिशोब कोण ठेवतो?

तो ठेवला डॉ. हिंमतराव बावस्करांनी, ते पण ह्याच भागात. सरकारी दवाखान्यात, हाताशी फार काही नसताना, पेशंटच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, बीपी, फुप्फुसात साठणारं पाणी सगळं टिपत गेले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर लोड येतो, म्हणून प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी देऊन बघितली. १९८६ ला ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. गंभीर केसेसमध्ये शंभरातले साधारण चाळीस दगावायचे ते एकावर आलं, आणि हे कुठल्या मोठ्या लॅबमध्ये नाही हां!!

काकींना दवाखान्यात तीच गोळी दिलीय, आज रात्री तिकडेच ठेवणारेत. आजीने अंगारा पाठवलाच. डॉक्टरबाई म्हणाल्या लावा की, फक्त पुढची गोळी टायमावर द्या.