मुलाखतीत घरचा विषय निघालाच नाही

गेल्या मंगळवारी न्युर्नबर्गला नोकरीची मुलाखत देऊन संध्याकाळच्या गाडीने श्टुटगार्टला परतत असताना काहीतरी राहून गेल्याची रुखरुख मला सारखी लागली होती. दीड तास सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीवर सविस्तर बोलणे झाले होते, प्रमाणपत्रे दाखवून झाली होती आणि निरोपही नीट घेतला होता. अर्धी वाट सरल्यावर उलगडा झाला. आदल्या रात्री ज्या प्रश्नाचे उत्तर मी जर्मनमध्ये तीन वेळा पाठ केले होते, तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: "मुलगी लहान आहे, मग नोकरीचे कसे जमवणार?"

पुण्यात दिलेल्या माझ्या तिन्ही मुलाखतींत हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात आला होता. लग्नाआधी "लग्नानंतर पुणे सोडणार का?", लग्नानंतर "मिस्टर कुठे असतात?", आणि सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडून चौदा महिन्यांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा "घरी मुलीला सांभाळायला कोण आहे?" माझ्या नवऱ्याला यांपैकी एकही प्रश्न कधी विचारला गेला नाही. भरतीत स्त्रियांबाबत भेदभाव करू नये, असे आपल्याकडे १९७६ च्या समान मोबदला कायद्यातच म्हटले होते. पण माझी मुलाखत घेणाऱ्यांना त्याची आठवण असल्याचे मला कधी जाणवले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हती. मी उत्तरे देत गेले आणि उत्तर समाधानकारक झाले की मला बरेही वाटे.

इथे १८ ऑगस्ट २००६ पासून समान वागणुकीचा कायदा लागू आहे. लिंग, वंश, धर्म, वय, अपंगत्व किंवा लैंगिक ओळख यांवरून उमेदवाराला डावलता येत नाही, आणि डावलले गेल्यास दोन महिन्यांच्या आत लेखी भरपाई मागता येते. ज्या उमेदवाराची निवड एरवीही झाली नसती, त्यालादेखील तीन पगारांपर्यंत रक्कम मिळू शकते. गरोदरपण आणि पुढे मूल हवे की नको यांविषयी मुलाखतीत विचारता येत नाही. मात्र मला सर्वांत जास्त हलवून गेली ती याच्या पुढची गोष्ट. गरोदरपणाविषयी विचारलेच, तर स्त्रीने खोटे उत्तर दिले तरी चालते आणि त्या कारणावरून नंतर तिचा करार रद्द करता येत नाही. गरोदरपणामुळे ते काम सुरुवातीला करता येणार नसले तरीही हा प्रश्न गैरच आहे, असा निर्णय इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००३ मध्ये दिला. मी हे दोनदा वाचले. मुलाखतीत खोटे बोलायचे नाही, या शिकवणीत वाढलेल्या मला कायदाच सांगत होता की तिथे चूक उत्तर देणारीची नसून विचारणाऱ्याची आहे. त्या चौदा महिन्यांनंतर चिंचवडच्या एका कार्यालयात घाम पुसत दिलेली उत्तरे मला आठवली आणि मन भरून आले.

तरीही इथली मुलाखत सौम्य असते, असे कोणी समजू नये. आधी वीस मिनिटांचा फोन झाला. त्यात वर्षाला एकूण किती पगार अपेक्षित आहे आणि रुजू केव्हा होणार, हे थेट विचारले गेले. आधीच्या पगाराची चौकशी मात्र झाली नाही, हे मला आवडले. नंतर दोन अभियंत्यांसमोर विषयाची मुलाखत झाली. एक आरेखन पुढे ठेवून छिद्राचे माप सहनमर्यादेबाहेर का जात असावे, दोष यंत्राचा की मोजमापाचा, आणि ग्राहकाची तक्रार आल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय करणार, हे त्यांनी खोदून खोदून विचारले. भोसरीत शिकलेले सगळे तिथे कामी आले आणि त्याचा मला अभिमान वाटला. प्रवासखर्च देण्याचे त्यांनी निमंत्रणपत्रातच लिहिले होते. कंपनीने आधी नकार कळवलेला नसेल, तर बोलावलेल्या उमेदवाराला तो इथे मागता येतो.

खटकले ते एकच. माझ्या माहितीपत्रकातल्या त्या चौदा महिन्यांवर बोट ठेवून "ही मोकळी जागा कशाची?" असे विचारले गेले. सासूबाई आजारी होत्या, मी त्यांच्याजवळ होते, एवढे मी सांगितले. समोरच्या बाईंनी मान हलवली, काहीतरी टिपले आणि पुढचा प्रश्न घेतला. पुण्यात "आता कशा आहेत त्या?" असे नक्की कोणीतरी म्हणाले असते. ज्या साहेबांनी मला मुलीला कोण सांभाळणार असे विचारले, त्यांनीच पुढे ती तापाने फणफणली तेव्हा चार वाजता मला घरी पाठवले होते. त्यामुळे इथल्या मैत्रिणी आपल्या प्रश्नांना मागासलेले म्हणतात, तेव्हा मला राग येतो. नोकरी सोडण्याचा निर्णय माझा होता, कोणी माझ्यावर लादला नव्हता, आणि त्या महिन्यांना मोकळी जागा म्हणणे मला आजही मान्य नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी एक दिवस प्रत्यक्ष काम करून पाहण्यासाठी बोलावले आहे. मुलीची बालवाडी साडेचारला बंद होते, हे आपणहून सांगावे का, असे मी काल साताऱ्याला फोनवर सासूबाईंना विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी विचारलं नाही ना, मग तू कशाला सांगतेस? आधी तुझं काम बघू दे त्यांना."