खड्डे

"स्टेडियम होऊ दे, पण आधी हे खड्डे बुजवा!"

आज संध्याकाळी सोसायटीमागच्या मैदानावर मोठी माणसं वाद घालत होती. इथं फुटबॉलचं मोठं स्टेडियम व्हावं का, मोठा क्लब येईल का, पार्किंगचं काय, गणपतीचा मांडव कुठं घालायचा... आणि मध्येच हा आवाज. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, पायात स्टडवाला फुटबॉलचा एकच बूट, दुसरा मित्राला दिलेला. मांडवाच्या बांबूंनी पडलेल्या खड्ड्यांत तो टाचेनं माती दाबत होता. सरावाआधी रोज हेच करतात म्हणे. परवा एकाचा पाय मुरगळला.

कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही, खरं तर. घरी आल्यावर आठवलं.

मी स्टेडियमच्या बाजूचा. मुंबई सिटी ही आपली फुटबॉल टीम २०२१ आणि २०२४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, तरी तिचं घर म्हणजे अंधेरीचं छोटंसं मैदान, खुर्च्या सात हजारांच्या आसपास. त्याआधी तर सामन्याला नेरूळला जायचो, येताना शेवटची लोकल गाठायची धावपळ. क्रिकेटला वानखेडे, ब्रेबॉर्न, नि फुटबॉलला एवढंच? राग येतोच.

पण क्लबचे घरचे सामने हंगामात फार तर डझनभर. बाकीचे दिवस त्या गेटला कुलूप असेल की तो पोरगा आत असेल, हे आज एकानंही विचारलं नाही.

तुमच्या मैदानातले खड्डे कोण बुजवतं?