रुमाल पिळून दाखवा

डोळे चुरचुरतात म्हणून आलेला पेशंट समोर बसला की, खरं सांगायचं तर, मी मनातल्या मनात जरा सैलावते. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, कुठे जखम नाही. पापण्यांना गरम शेक, कृत्रिम अश्रूंचे थेंब, वाचताना अधूनमधून नजर लांब टाका. तीन मिनिटांत मोकळे. त्या दिवशी मात्र हे तीन मिनिटांचं काम तिसऱ्यांदा माझ्यासमोर येऊन बसलं होतं.

काका प्रूफरीडर. साठी उलटलेले, पण अजूनही घरून रोज स्क्रीनवर मजकूर तपासणारे. बसल्याबसल्याच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत ते सगळं करतोय. दीड महिना झाला. दुपार झाली की डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, आणि वर पाणी वाहतं ते वेगळंच. डोळे कोरडे म्हणता, इथे तर नळ चालू आहे!"

हा नळाचा मुद्दा बहुतेक जण काढतात, आणि तो रास्तच आहे. डोळ्यावर नुसतं पाणी नसतं, त्या पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तो पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथी बनवतात. हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून नावही त्याचंच. तेल कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, पृष्ठभाग कोरडा पडून टोचायला लागतो, आणि टोचलं की मेंदू घाईघाईने आणखी पाणी सोडतो. ते पाणी गालावर वाहतं, डोळ्यावर टिकत नाही. त्यात वाचताना आपण पापण्या मिटायलाच विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी उघडझाप स्क्रीनसमोर निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते.

मी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं. डोळा उघडा ठेवला की रंगाने हिरवा दिसणारा अश्रूंचा थर एकसंध राहायला हवा. काकांचा तिसऱ्याच सेकंदाला फाटला. दहाच्या आत फाटला तरी आम्ही तो बरा मानत नाही. खालच्या पापणीची कड बोटाने हलकेच दाबली. तिथून स्वच्छ तेल यायला हवं होतं, आली ती टूथपेस्टसारखी दाट पांढरी तार. म्हणजे दीड महिन्याच्या शेकाचा या ग्रंथींना काही पत्ताच नव्हता.

माझ्या तोंडावर आलं होतं, "नेमाने करत नसाल." पण या माणसाची नोंदवही माझ्या टेबलावर होती. तारीख, वेळ, 'शेक दिला', 'थेंब घातले', सगळं सुवाच्य अक्षरात. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"काका, शेक कसा देता ते करून दाखवा ना."

सिस्टर गरम पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात मला सकाळचा मुलगा आठवला. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपलेला, एकच डोळा लाल, उजेड सोसवेना. दोन दिवस घरीच बर्फ लावत बसला होता आणि आला तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. त्याला मी खडसावलं होतं. दुखणं एकाच डोळ्याचं असेल, उजेड टोचत असेल, नजर धूसर झाली असेल किंवा लेन्सचा संबंध असेल, तर घरच्या उपायांचं नावच काढायचं नाही. आणि डोळ्यात काही रसायन उडालं, तर आधी निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा, मग धावत यायचं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण ज्यांनी घरीच उपाय करायचे, त्यांचे हात नेमकं काय करतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पाणी आलं. काकांनी खिशातला रुमाल काढून बुडवला, घट्ट पिळला, घडी घालून दोन्ही डोळ्यांवर दाबून धरला. चांगलाच दाबला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. चाळीस सेकंदांनी त्यांनी रुमाल काढला. "झालं." मी हात लावला तर तो जवळजवळ गार. पातळ कापड, त्यात घट्ट पिळलेलं. ऊब टिकणार कशी? घट्ट झालेलं तेल वितळायला साधारण ४० अंशांची ऊब पाचेक मिनिटं सलग लागते. काका रोज दोनदा नेमाने रुमाल ओला करत होते, एवढंच.

"आता थेंब."

त्यांनी मान मागे केली आणि बाटलीचं टोक थेट पापणीच्या केसांना टेकवलं. डोळा मिटला, थेंब गालावर. दुसरा घातला, तिसरा घातला. एका थेंबात असतं तेवढंही डोळ्यात मावत नाही, मग तिसरा कशाला? आणि ही बाटली मी दिलेली नव्हतीच.

"ही? लाली जाते हिने. पाच मिनिटांत डोळे पांढरे. दिवसातून सात-आठदा घालतो."

हे थेंब शिरा आकसवतात. असर ओसरला की शिरा आधीपेक्षा जास्त फुगतात, डोळा आणखी लाल दिसतो, आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. शिवाय थेंब खराब होऊ नयेत म्हणून त्यात घातलेलं टिकाऊपणाचं औषध दिवसातून आठ वेळा आधीच कोरड्या पृष्ठभागावर. चुरचुरणार नाही तर काय! भरीला दर तासाला डोळ्यांवर नळाचं पाणी मारणं होतंच, म्हणजे जे काही तेल उरलेलं, तेही धुऊन जात होतं.

मी माझीच आधीची चिठ्ठी उघडून पाहिली. 'गरम शेक, दिवसातून २ वेळा.' बस.

लालीची बाटली आणि पाणी मारणं, दोन्ही बंद केलं. नवे थेंब टिकाऊपणाचं औषध नसलेले दिले, कारण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे होते. खालची पापणी ओढून खोबण करायची, एकच थेंब, मग दोन मिनिटं डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. शेकाची युक्ती सिस्टरची. पाच छोटे टॉवेल गरम पाण्यात भिजवून एकावर एक गुंडाळायचे, आधी मनगटाच्या आत लावून चटका बसत नाही ना ते पाहायचं, आणि दोन मिनिटं झाली की हातातला ठेवून आतला घ्यायचा. गड्डा असल्यामुळे आतले गरम राहतात. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं.

"आणि गार पट्टी? शेजारी म्हणतात गारच बरी."

"खाज सुटत असेल तर गार. तुमच्या पापण्या चिकट आणि जड आहेत, तुम्हाला गरमच."

हे सगळं मी एका कागदावर टाइप करून त्यांच्या हातात दिलं.

सहा आठवड्यांनी आले. रंगाचा थर आता आठव्या सेकंदाला फाटला. पापणीतून तेल येत होतं, अजून गढूळ होतं, पण वाहतं. दुपारची वाळू आठवड्यातून एखाद्या दिवशीच, म्हणाले. मग पिशवीतून तो कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. लाल शाईने भरलेला. दोन ठिकाणी माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं होतं. 'शेकानंतर पापण्या हलक्या हाताने चोळा' या वाक्याखाली दुहेरी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'कोणत्या दिशेने? डोळे उघडे की मिटलेले?'

"मिटलेले," मी म्हणाले. "वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. दोन्ही कडेच्या दिशेने."

"मग तसं लिहा की," काका म्हणाले, आणि लाल पेन माझ्यापुढे धरलं.