'डिटूर'ची डागडुजी : पहिलं रीळ हातावेगळं

मंडळी, 'डिटूर' या जुन्या सिनेमाची एक प्रिंट स्कॅन करून मी घरच्या कॉम्प्युटरवर साफ करतोय, तिचं पहिलं रीळ झालं. झालं म्हणजे आता आणखी हात लावला तर बिघडेल, अशा ठिकाणी आणून सोडलं. दुसऱ्या रिळाची धूळ काढायची बाकी आहे आणि आवाजाचं काम जेमतेम निम्मं झालंय. पण बरेच जण विचारत होते, म्हणून आत्तापर्यंतचा हिशेब मांडतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. 'डिटूर' हा एडगर उल्मरचा १९४५चा सिनेमा, लांबी ६८ मिनिटं. काढला पीआरसीने, म्हणजे प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशनने. हॉलिवूडमधल्या असल्या फाटक्या खिशाच्या कंपन्यांना तेव्हा 'पॉव्हर्टी रो' म्हणत. न्यूयॉर्कचा एक पियानोवादक प्रेयसीला भेटायला लॉस एंजेलिसकडे निघतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना अंगठा दाखवत. ज्याच्या गाडीत बसतो तो वाटेतच मरतो आणि पुढे सगळं चिघळत जातं. आपण हा सिनेमा सहा दिवसांत उरकला, असं उल्मर सांगायचा. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हातात पैसा नव्हता हे फ्रेमाफ्रेमात दिसतं. तरीही १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, याला जागा मिळाली.

तिथल्या तेव्हाच्या कायद्यानुसार २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. 'डिटूर'चं कुणी केलंच नाही. सिनेमा बेवारस झाला आणि ज्याला जमेल त्याने त्याच्या व्हीएचएस काढल्या, मग डीव्हीडी काढल्या. प्रतीची प्रत, तिची आणखी प्रत. आपल्यापैकी बहुतेकांनी तो प्रथम पाहिला तो असाच, धुतलेल्या पाटीवर खडू पुसल्यासारखा.

आता नेहमीचा प्रश्न : हे काम तर झालंय, तू कशाला करतोस? झालंय, आणि फार सुंदर झालंय. अकॅडमी फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी २०१८ मध्ये ४के रिस्टोरेशन केलं, २०१९ मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीची ब्लू-रे आली. मूळ कॅमेरा निगेटिव्ह हाताशी नव्हती. ब्रुसेल्सच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहातली जुन्या नायट्रेट फिल्मवरची प्रत चांगली निघाली, पण तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं कायमची छापलेली होती. ती डिजिटल पद्धतीने पुसून काढली. अक्षरांच्या मागे हलणारे चेहरे, खांदे, गाडीच्या काचा, सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी एक ओरखडा हाताने भरलाय त्यालाच कळेल. त्या डिस्कमधली एकही फ्रेम मी उचलत नाही. ती त्यांची मेहनत आहे. मला बघायचंय ते एवढंच, की टीव्हीसाठी काढलेल्या एका जुन्या १६ मिमी रुंदीच्या फिल्मवरच्या प्रिंटमधून, घरच्या कॉम्प्युटरवर, किती सिनेमा बाहेर येतो.

प्रिंट मिळाली फिल्म सोसायटीच्या जमान्यातल्या एका काकांकडून. डबा उघडला तेव्हा व्हिनेगरचा वास (तो आला की फिल्म सडतेय समजायचं) आला नाही, तिथेच अर्धी लढाई जिंकली होती. आपल्या दमट हवेत फिल्मचं प्लॅस्टिक, म्हणजे अ‍ॅसिटेट किती लवकर आंबतं ते वेगळं सांगायला नको. स्कॅन २के, १० बिट, डीपीएक्स, म्हणजे फ्रेमागणिक एक फाइल. ६८ मिनिटं म्हणजे जवळजवळ ९८ हजार फ्रेम्स, एकेक फ्रेम पावणेतेरा एमबीच्या घरात, म्हणजे एकूण सव्वा टीबी. पहिल्यांदा स्कॅन करून देणाऱ्यांनी न विचारता शार्पनिंग मारून, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठसठशीत करून, दिलं होतं, टेलिफोनच्या प्रत्येक तारेला पांढरी किनार. भांडून पुन्हा करून घेतलं. तुम्ही स्कॅन करून घेणार असाल तर 'काहीही लावू नका, जसंच्या तसं द्या' हे लेखी सांगा, तोंडी नको.

धुळीबद्दल. प्रिंटवरची घाण काळी दिसते, कारण ती उजेड अडवते. पांढरे ठिपके मात्र या प्रिंटचे नाहीतच. ते आधीच्या निगेटिव्हवर बसलेली धूळ आहे, प्रिंट काढताना तिच्यासकट छापली गेली. म्हणून प्रिंट कितीही स्वच्छ पुसा, पांढरे ठिपके जागचे हलत नाहीत. हे दोन प्रकार मी वेगवेगळ्या फेऱ्यांत काढतो, आधी काळे, मग पांढरे. व्हेपरसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये मागची आणि पुढची फ्रेम ताडून बघायची, मधल्याच एका फ्रेममध्ये जे आहे ते घाण समजायचं आणि शेजारून भरून काढायचं, हे तत्त्व आपल्या सगळ्यांना पाठ आहे. उभ्या ओरखड्यांना ते लागू पडत नाही, कारण ओरखडा शेकडो फ्रेम्स एकाच जागी ठाण मांडून असतो आणि यंत्राला तो चित्राचाच भाग वाटतो. ते हातानेच. प्रत्येक कट आधी नोंदवून ठेवा हेही आलंच, नाहीतर नव्या शॉटच्या पहिल्या फ्रेममध्ये जुन्या शॉटचं भूत शिरतं.

पण खरा वेळ खाल्ला तो पावसाने.

पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास रात्रीचा पाऊस येतो, नायक गाडी थांबवून टप वर ओढायला उतरतो आणि शेजारी बसलेला गाडीचा मालक हॅस्केल मेलेला आढळतो. पावसाची रेघही एकाच फ्रेममध्ये असते, पुढच्या फ्रेममध्ये ती तिथे नसते. म्हणजे यंत्राच्या व्याख्येत पाऊस ही घाणच. नेहमीच्या सेटिंगवर चालवलं तर पाऊस साफ थांबला, माणूस कोरड्या रात्री ओलाचिंब होऊन टप ओढतोय. हा रोग मोठ्यांनाही झालेला आहे. 'सिटिझन केन'च्या २००१च्या डीव्हीडीत बर्नस्टीन या पात्राच्या ऑफिसमागच्या खिडकीबाहेरचा पाऊस असाच सफाईत वाहून गेला होता, २०११च्या ब्लू-रेमध्ये तो परत आला. हॉलिवूडच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाचं हे झालं, तर आमच्या पॉव्हर्टी रोची काय कथा.

शेवटी त्या शॉट्सपुरतं स्वयंचलित सगळं बंद केलं आणि एकेक फ्रेम डोळ्यांनी तपासली. ओळखायची खूण सापडली ती सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. पावसाची रेघ लेन्समधून आलेली असते, त्यामुळे तिची कड मऊ असते आणि ती शॉटमधल्या बाकीच्या रेघांच्याच तिरपेपणात पडते. धूळ फिल्मवर बसलेली असते, तिची कड ग्रेनइतकी, म्हणजे फिल्ममधल्या बारीक दाण्यांइतकी, तीक्ष्ण असते आणि दिशा कुठलीही. दोनशे टक्के मोठं करून पाहिलं की फरक लगेच दिसतो. ज्या ठिपक्यांचा निकाल लागेना ते मी राहू दिले. शंका असेल तिथे सिनेमाच्या बाजूने निकाल, असा माझा नियम आहे. थोडी धूळ राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही.

असाच प्रकार सुरुवातीच्या उपाहारगृहात. ज्यूकबॉक्सवर गाणं लागतं, नायक भूतकाळात जायला लागतो, कॅमेरा त्याच्या तोंडाशी येतो आणि भोवतालचा उजेड चक्क मंद होतो, फक्त डोळ्यांवर एक पट्टा राहतो. रंगभूमीवरची युक्ती सरळ सिनेमात आणलेली. माझ्या प्रिंटमध्ये उजेडाची लुकलुक सगळीकडे आहे, म्हणून डिफ्लिकर, म्हणजे लुकलुक घालवणारं फिल्टर, लावणं भाग होतं. ते लावलं की या शॉटमध्ये यंत्र इमानेइतबारे दिवे पुन्हा वाढवतं. त्याचा काय दोष, त्याला सगळ्या फ्रेम्स सारख्या उजेडाच्या हव्यात. इथे डिफ्लिकरची खिडकी, म्हणजे तो एका वेळी ताडून बघतो तेवढ्या फ्रेम्स, अगदी अरुंद ठेवली, चार-पाच फ्रेम्सची. लुकलुक गेली, मंद होणं शाबूत राहिलं.

उलट्या शॉट्सबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. नायक गाड्यांना हात करतो त्यातले काही शॉट मूळ सिनेमातच आरशातल्यासारखे उलटे आहेत. प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशात उजवीकडून डावीकडे, आणि गाड्याही पडद्यावर त्याच दिशेने जायला हव्यात, म्हणून निगेटिव्ह पालटली असं मानलं जातं. परिणाम असा की अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतायत आणि चालक उजवीकडे बसलाय. अमेरिकन प्रेक्षक यावर गेली कित्येक वर्षं हसतात. मी घरी दाखवलं तर कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही! आपल्याकडे रस्ता तसाच असतो ना. हे शॉट 'दुरुस्त' करण्याचा प्रश्नच नाही, १९४५च्या प्रेक्षकाने जे पाहिलं तेच राहणार.

धुकं मात्र ब्लू-रेच्या दृष्टीने डोकेदुखी आहे. न्यूयॉर्कचा रस्ता उभा करायला पैसे नव्हते, म्हणून उल्मरने स्टुडिओत धूर सोडला आणि त्यातून रस्त्यांच्या नावांचे खांब तेवढे दाखवले. नायक-नायिका त्या धुक्यातून चालत राहतात. १० बिटवरून ब्लू-रेच्या ८ बिटवर, म्हणजे उजेडाच्या कमी छटांवर, आलं की अशा हलक्या राखाडीचे पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पडतात, आणि ग्रेन काढून टाकला असेल तर हमखास पडतात. ग्रेन हाच इथला तारणहार. मी तो जवळजवळ तसाच ठेवलाय, डिथर करून (बारीक गोंगाट मिसळून) उतरवलाय आणि व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एक्स२६४ला ग्रेन जपणारं 'ट्यून ग्रेन' दिलंय. सेकंदाला ३५ मेगाबिटचा वेग धरला तरी पूर्ण सिनेमा १८ जीबीत बसतो, २५ जीबीच्या डिस्कवर ऐसपैस जागा उरते, मग कंजुषी कशासाठी? १६ मिमीचा ग्रेन ३५ मिमीपेक्षा जाड दिसतो, तो तसाच दिसणार. एआय वापरून चेहरे गुळगुळीत करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. नव्या ४के डिस्क्सवरची मेणाची कातडी तुम्हीही पाहिली आहे.

आवाज. ऑप्टिकल पट्टी, म्हणजे फिल्मच्या कडेला चित्ररूपात छापलेला आवाज, स्कॅनमध्येच घेतली होती, ती एईओ-लाइट या सॉफ्टवेअरने वाचून काढली. १६ मिमीवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम्स पुढे छापलेला असतो, ते सरकवणं सोपं. गंमत जोडांपाशी आहे. प्रिंट तुटून जिथे सांधलीय तिथे समजा सहा फ्रेम्स गेल्या, तर चित्र त्या जागी उडी मारतं, पण आवाजाची उडी सेकंदाहून किंचित उशिरा येते. मधल्या त्या सेकंदापुरते ओठ आणि शब्द सहा फ्रेम्सनी फारकत घेतात आणि मग आपोआप पुन्हा जुळतात. म्हणून आता प्रत्येक जोडापाशी चित्रात गेलेल्या फ्रेम्सएवढी आधीची फ्रेम थोपवून धरतो, आवाजाच्या तुटीत त्याच खोलीची नुसती घरघर भरतो. मधल्या फ्रेम्स 'कल्पनेने' बनवणारी साधनं वापरून पाहिली. नायकाचं काम करणाऱ्या टॉम नीलला तिसरा ओठ फुटला.

घरघर कमी करताना हात आखडता ठेवलाय. या सिनेमाचा निम्मा जीव नायकाच्या निवेदनात आहे, आणि १६ मिमीवर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर तसंही फारसं काही उरत नाही. आहे तेवढ्यातून आणखी खरवडलं तर माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. चटचट काढली, घरघर राहू दिली.

पुढचं काम दुसऱ्या रिळाचं. म्हणजे व्हेराचं, नायकाच्या गाडीत चढणाऱ्या बाईचं रीळ. अ‍ॅन सॅव्हेज (व्हेरा झालेली नटी) जिथून गाडीत बसते तिथून सिनेमाचा नूरच बदलतो आणि माझ्या प्रिंटची अवस्थाही, ओरखडे दुपटीने आहेत. (सिनेमा पाहिला नसेल त्यांनी इथे थांबावं.) टेलिफोनच्या वायरीच्या प्रसंगानंतर कॅमेरा खोलीभर फिरतो आणि एकेका वस्तूवर फोकस येतो-जातो. हा मुद्दाम केलेला धूसरपणा चित्राची थरथर थांबवणाऱ्या स्टॅबिलायझरला कसा पचतो ते बघायचंय, कारण धूसर फ्रेममध्ये त्याला धरायला काहीच मिळत नाही. फिल्मच्या काठावरच्या भोकांच्या कडा धरून स्थिर करायचा विचार आहे. स्कॅनमध्ये भोकं पूर्ण आली आहेत, ते मी मागून घेतलं होतं.

आणि एक विनंती. दुसऱ्या रिळाच्या सुरुवातीला, पेट्रोल पंपापाशी नायक तिला पहिल्यांदा पाहतो तिथे एक ओबडधोबड जोड आहे आणि बऱ्याच फ्रेम्स गायब आहेत. थोपवून धरण्याइतकी छोटी तूट नाही ती. कुणाकडे १६ मिमी प्रिंट असेल, कितीही खराब असली तरी, तर तेवढ्या भागाचं कच्चं स्कॅन हवंय. स्कॅनचा खर्च मी देईन. शार्पनिंग न लावता.