जरा जाऊन येतो

दुपारी आडवं होऊन थरारक कादंबरी उघडायची आणि खुनी कोण ते आधी शेवटची पानं उलटून बघून घ्यायचं, ही माझी जुनी खोड. लोक नावं ठेवतात. ठेवू देत. एकदा खुनी कळला की बाकीची माणसं निवांत बघता येतात.

परवाच्या कादंबरीत एक कुटुंब शिडाच्या बोटीतून सफरीला निघालंय. नवरा, बायको, नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी आणि बायकोचा भाऊ, जो का आलाय ते कुणालाच धड माहीत नाही. (असा एक भाऊ लागतोच.) पन्नासाव्या पानावर किनारा दिसेनासा होतो, साठाव्यावर रेडिओ बंद पडतो. सगळं कसं रीतसर.

मी अडकले ते भलत्याच जागी. शिडाच्या तळाशी एक आडवा दांडा असतो, बूम म्हणतात त्याला. वारा मागून असताना बोट जरा जास्त वळली की तो शिडासकट या अंगावरून त्या अंगावर फाडकन येतो. वाटेत डोकं आलं तर संपलंच. म्हणून सुकाणूवरच्या माणसाने आधी ओरडायचं असतं. इथे सुकाणूवर बायको. नवरा पाठमोरा, दोर आवरत उभा. ती बोट वळवते. तोंड उघडते. आणि लेखक अडीच पानं समुद्राचं वर्णन करत बसतो, मेला! (लेखक. नवरा वाचतो, ऐन वेळी दोर उचलायला वाकल्यामुळे.)

मग तो तिच्याकडे बघतो आणि खाली केबिनमध्ये जाऊन दार आपटतो. पातळ फळीचं दार, धड वाजतही नाही. आता? डोक्यावर तिची पावलं वाजतायत, आणि त्याला जायला जागा नाही.

आमच्या घरी भांडण टिपेला पोचलं की बाबा चपलांत पाय सरकवायचे आणि दाराकडे बघत म्हणायचे, "जरा जाऊन येतो." कुठे, ते आईने कधी विचारलं नाही. एकदा मी गुपचूप मागे गेले. बाबा फक्त कोपऱ्यापर्यंत गेले. दिव्याच्या खांबाखाली थांबून मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली. सकाळीच दिली होती, मी बघितलं होतं. दोन-चार फेरे फिरवून झाल्यावर वळले, मी दिसले, काही बोलले नाहीत. बोट पुढे केलं, मी धरलं, आम्ही घरी आलो. तोवर आईने ओटा दोनदा पुसून काढला होता.

बोटीला कोपरा नसतो. डेकवर उभं राहिलं की क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर. तेवढं तर माणूस रागाच्या भरात सहज चालून येतो.

समुद्रात बोट सोडून गेलेलं एक कुटुंब मात्र खरंच होतं. डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मध्ये 'मेरी सेलेस्ट' हे जहाज रिकामं सापडलं. कप्तान ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची सोफिया, सात खलाशी, कुणीच नाही. सहा महिन्यांचा शिधा होता तसा. छोटी होडी तेवढी गेलेली. जहाजाच्या पोटात अल्कोहोलची १,७०१ पिंपं होती. वाफेने स्फोट होईल या भीतीने सगळे थोड्या वेळापुरते होडीत उतरले असतील आणि जहाज त्यांना सोडून पुढे गेलं असेल, असा एक तर्क आहे.

थोड्या वेळापुरते.

त्यांचा थोरला, आर्थर, सात वर्षांचा होता. शाळा बुडू नये म्हणून त्याला आजीकडे ठेवून गेले होते.