हरिहरेश्वरचे खडक आणि दालीची डुलकी

हरिहरेश्वरला जाणार असाल तर आधी ओहोटीची वेळ विचारून घ्या, भरती असली की प्रदक्षिणेची वाट बंद. आम्ही सकाळी बरोब्बर ओहोटी गाठली, पायऱ्या उतरून खाली गेलो, बाकीची गँग सेल्फीत रमली आणि मी त्या खडकांपाशीच अडकले. अनारशाला पडते तशी जाळी पडलीये कातळाला! खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक वाढत जातात आणि दगडाचे कण सुटतात, कारण एवढंच, पण जरा वेळ टक लावून बघितलं की कुठे डोळा दिसतो, कुठे जबडा, एक तर चक्क वितळलेला माणूस.

स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दाली आठवणारच ना मग. त्याची ती लोंबणारी घड्याळं सगळ्यांना माहीत असतात (१९३१चं चित्र, आणि खरं माप फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटर, पोस्टर बघून भिंतभर वाटतं), पण मागच्या कड्यांकडे कोणी बघत नाही. ते खरेखुरे कडे आहेत, त्याच्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे. तिथलेही खडक असेच वाऱ्यापाण्याने झिजून विचित्र झालेले. सर्रिअलिझम म्हटलं की (म्हणजे स्वप्नातल्यासारखं चित्रविचित्र रंगवणारी दालीची ती चळवळ) फ्रॉइड, अबोध मन, कवी ब्रेताँचा १९२४चा जाहीरनामा, सगळं मान्य, पण निम्मं क्रेडिट मी तरी समुद्राला देईन.

याच चळवळीतला दुसरा चित्रकार माक्स अर्न्स्ट, त्याला १९२५मध्ये फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात जमिनीच्या लाकडी फळ्यांमध्ये आकार दिसायला लागले, तर त्याने वर कागद ठेवून पेन्सिल घासली. मीही वहीचं पान खडकावर धरून घासलं. हवा इतकी दमट की पानं फाटतच होती, शेवटी एकातून कोंबडा निघाला!

दुपारी सुरमईचं ताट हाणल्यावर दालीची एक ट्रिक. खुर्चीत बसायचं, बोटांत जड किल्ली धरायची, खाली ताटली उपडी ठेवायची. डोळा लागला की किल्ली सुटते, खण्णकन वाजते, आणि त्या क्षणी जे दिसत होतं ते लगेच कागदावर. मी होमस्टेच्या रूमचीच किल्ली घेतली. बागमांडल्याची फेरीबोट खाडी सोडून नारळाच्या वाडीतून चाललीये आणि तिकीटवाला सुट्टे मागतोय, एवढं दिसलं तोवर खण्ण!

"अहो ताई, ताटं कसली आपटताय, मांजर पळालं ना माझं," आतून काकू.

स्केच तसं बरं आलंय, तिकीटवाल्याचे हात सोडून. उद्या सकाळी त्याच फेरीने गाडीसकट वेसवीला जायचंय, सुट्टे काढून ठेवलेत.