डावीकडे वळलं की हॉर्न

गाडी गेटमधून आत वळली ती बोंबलतच. हॉर्न अखंड वाजत होता. स्टेअरिंग सरळ झालं तसा एकदम बंद पडला. काका खाली उतरले आणि दार लावायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, बटणाला हात लावला नाही हो मी. पुढचा माणूस उतरून भांडायला आला."

तीन दिवसांपूर्वी त्या हॉर्नचं काम मीच करून दिलं होतं.

काकांना संधिवात. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा धड दाबला जात नाही. जुन्या स्टेअरिंगचं मधलं पॅड इतकं कडक होतं की हॉर्न द्यायचा तर त्यांना तळहाताने सगळा भार टाकावा लागे, आणि तोवर समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असे. म्हणून त्यांनी जाड पकडीचं नवं स्टेअरिंग आणलं, सोबत मधला बॉस, म्हणजे ते शाफ्टवर, स्टेअरिंगच्या दांड्यावर, बसवायचा जोडतुकडा. हॉर्नचं बटण डॅशबोर्डवर डाव्या हाताशी हवं, मुठीच्या मागच्या बाजूने दाबलं तरी वाजलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. गाडी जुनी, एअरबॅग नसलेली, म्हणून मी काम घेतलं. पिवळ्या कनेक्टरची एअरबॅग असती तर स्टेअरिंग बदलायला मी साफ नाही म्हटलं असतं. हॉर्नच्या सोयीसाठी एअरबॅग घालवायची नसते.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, चाकं सरळ ठेवली, शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर खूण केली. मधला नट ढिला केला, पण चार आटे तसाच ठेवला. अडकलेलं स्टेअरिंग हिसक्याने सुटतं आणि थेट तोंडावर येतं, तेव्हा तो नटच वाचवतो. नवा बॉस नीट बसला. प्रश्न आला तो हॉर्नच्या पिनचा. या गाडीत स्टेअरिंगखालच्या घरात स्प्रिंगवर बसलेली छोटी पितळी पिन असते आणि ती जुन्या स्टेअरिंगच्या मागच्या तांब्याच्या कड्यावर घासत राहते. स्टेअरिंग कितीही फिरो, वायर पिळली जात नाही. नव्या बॉसला कडंच नव्हतं. बटण डॅशबोर्डवर जाणार असल्याने त्याची गरजही नव्हती, असं मी धरून चाललो.

हॉर्न रिलेवर होता ते बरं झालं. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठा करंट चालू करणारा स्विच. दोन्ही हॉर्न मिळून साडेआठ अँपिअर ओढत होते. एवढा करंट छोट्या बटणातून नेला तर त्याचे पॉइंट जळतात. रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, 75 ओहम. म्हणजे बटणातून जाणार ते अँपिअरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी, बारीक वायर चालते. कॉइलचं एक टोक फ्यूजमधून पॉझिटिव्हवर, दुसरं बटणाकडे. बटण दाबलं की ते दुसरं टोक अर्थ होतं, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलं जातं, रिले ओढतो आणि हॉर्न वाजतो. डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा, तिथे बॉडीचा अर्थ मिळणार नाही, म्हणून बटणाला वेगळी अर्थ वायर दिली. आतल्या लोखंडी पट्टीचा रंग खरवडून लग बोल्टखाली आवळला. कॉइलच्या त्या दुसऱ्या टोकापासून जुन्या पिनकडे जाणारी वायर, म्हणजे ट्रिगरची, मात्र मी तोडली नाही. स्टेअरिंगच्या कॉलमखाली तिलाच फाटा मारून बटणाकडे नेली. पुढेमागे जुनं स्टेअरिंग परत बसवायचं झालं तर हॉर्न तयार असावा, हा विचार. वरच्या पितळी पिनवर टेपचे चार वेढे मारले. बॅटरी जोडली, बटण दाबलं, वाजलं. काकांनी मुठीने दोनदा दाबून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो चेहरा डोळ्यासमोर होता, म्हणूनच आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

स्टेअरिंग हळूहळू डावीकडे फिरवलं. अर्ध्या फेरीच्या जरा अलीकडे हॉर्न सुरू. दोन बोटं पुढे गेलं की बंद. उजवीकडून परत येताना पुन्हा तिथेच. बटणाची वायर सोडवून ठेवली तरी तेच, म्हणजे बटण आणि माझी नवी वायर दोन्ही निर्दोष. काकांनी विचारलं, "शॉर्ट असेल तर फ्यूज कसा उडत नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. पॉझिटिव्ह वायर बॉडीला लागली की फ्यूज उडतो. ही ट्रिगरची वायर कॉइलच्या पलीकडची. ती बॉडीला लागणं आणि बटण दाबणं, रिलेच्या दृष्टीने एकच. जुनी पिन त्या वायरवर अजून जोडलेलीच होती. म्हणजे गाडीत हॉर्नची दोन बटणं होती, आणि त्यातलं एक मी टेपखाली झाकून विसरलो होतो.

स्टेअरिंग पुन्हा उतरवलं. बॉसच्या मागे इंडिकेटर आपोआप परत आणणारा लोखंडी खुंट असतो. त्याच्या टोकावर टेपचा काळा चिकट लपका आणि मधोमध नखाएवढी चकचकीत घासलेली रेघ. उन्हात तापून टेपचा गोंद सैल झाला, वेढे सरकले, आणि प्रत्येक वळणावर खुंट पिनवरची टेप खरवडत गेला. शेवटी पितळ उघडं पडलं. बॉस शाफ्टवर, शाफ्ट बॉडीवर, झाला अर्थ. काम दिलं त्या दिवशी मी चाकं सरळ ठेवूनच बटण तपासलं होतं. स्टेअरिंग एकदाही पूर्ण फिरवलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी टेप शाबूत होती, फिरवूनही कळलं नसतं. चूक टेपवर विसंबण्यात होती.

या वेळी पिन आणि स्प्रिंग घरातून काढूनच टाकली. तिच्याकडे जाणारी वायर कॉलमच्या कनेक्टरमधून टर्मिनलसकट ओढून घेतली, टोकावर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून आवळली आणि फिरणाऱ्या भागापासून लांब बांधली. मग रिले उपसला. तो जागेवर असला की ट्रिगर वायरवर कॉइलमधून व्होल्टेज येतं आणि ओहमचं रीडिंग खोटं ठरतं. मीटर बीपवर ठेवून एक प्रोब ट्रिगरवर, एक बॉडीवर धरला. काकांना बसवून म्हटलं, फिरवा. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, दोन्ही इंडिकेटर देऊन, पुन्हा पुन्हा. मीटर गप्प. बटणाला मूठ टेकली तेवढ्यापुरता बीप. रिले बसवून इंजिन चालू केलं आणि तेच सगळं परत केलं. काकांचे हात भरून आले असणार, पण ते थांबायला तयार नव्हते.

पिन, स्प्रिंग आणि वायरचा रंग लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.

पंधरा दिवसांनी काका परत आले. गाडी गेटवर वळताना मी हातातलं काम सोडून उभाच राहिलो, पण ती शांतपणे आत आली. खांदा दुखतो म्हणून बटण चार बोटं खाली हवं होतं. खाली सरकवलं, आणि मीटर लावून त्यांना पुन्हा स्टेअरिंग फिरवायला बसवलं.